फड्या निवडुंग: बांधावरून गेला, चाऱ्यासाठी परत आला

आपण 'निवडुंग' म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या कुळांतल्या झाडांबद्दल बोलत असतो, आणि घोटाळा इथूनच सुरू होतो. त्रिधारी निवडुंग किंवा शेर मोडला की पांढरा चीक येतो. तो डोळ्यात जाऊ देऊ नये, जनावराच्या तोंडी तर मुळीच लागू देऊ नये. फड्याला चीक नसतो, कापला की आत हिरवा बुळबुळीत गर दिसतो. सोलापूरच्या शेतकऱ्याला चारा म्हणून सुचवला जातो तो हा फड्या.

फड्या मूळचा अमेरिका खंडातला. भारतातल्या त्याच्या इतिहासात एका किड्याचा वाटा मोठा आहे. १७९५ मध्ये कॅप्टन नील्सन याने रिओ दि जानेरोहून बंगालमध्ये कोचिनील, म्हणजे फड्यावर जगणारा लाल रंगाचा किडा, आणला. कापड रंगवायला लाल रंग हवा होता. पण आला तो खरा रंगाचा किडा नव्हता, त्याचा रानटी भाऊबंद होता. रंग हलका निघाला, फड्याची एक जात मात्र त्याने फस्त केली. १८३६ नंतर तो मुद्दाम दक्षिणेत सोडला गेला.

बाकीच्या जातींना त्याने तोंड लावलं नाही. त्या कुंपणातून गायरानात, गायरानातून गावठाणात पसरल्या. त्या काळची खूण पुण्यातल्या निवडुंग्या विठोबाच्या नावात उरली आहे. पंढरपूरला निघालेली तुकोबांची पालखी तिथंच मुक्कामी असते. १९२६ मध्ये श्रीलंकेतून दुसऱ्या जातीचा किडा आला, आणि पाच-सहा वर्षांत दक्षिण भारतातलं फड्याचं रान मोठ्या प्रमाणात साफ झालं. हा किडा ओळखणं सोपं आहे: फड्यावर कापसासारखे पांढरे पुंजके, बोटाने चिरडले की कुंकवासारखा लाल डाग.

आता येतोय तो बिनकाट्याचा फड्या. अमेरिकेत ल्यूथर बरबँक या नव्या वाणांच्या पैदासकाराने १९०७ च्या सुमारास त्याचा मोठा गाजावाजा केला, पण मेक्सिकोतल्या लोकांनी असे फडे फार आधीपासून निवडून जपले होते. आपल्याकडे झाशीच्या चारा संशोधन संस्थेने त्यावर काम केलं आहे. काटे नसले तरी बारीक कुसळं असू शकतात, त्यामुळे हातमोजे लागतातच. आणि काटे नाहीत म्हणून शेळ्या नवी लागवड बुडापर्यंत खातात. पहिलं वर्षभर त्यालाच कुंपण घालावं लागतं.

लागवड फसते ती बहुतेक पाण्याने. कॅनडातही फड्याच्या काही जाती रानात उगवतात. हिवाळ्यात त्या अंगातलं पाणी कमी करून सुरकुततात, जमिनीला टेकतात आणि बर्फाखाली तगतात. थंड, पावसाळी मुलखातल्या बागेत मात्र त्याच जाती मुळाशी ओल साचून कुजतात. आपल्याकडे थंडीचा प्रश्न नाही, पण काळ्या रानात उत्तरा-हस्ताचा पाऊस लागला की आठवडाभर वाफसा येत नाही, आणि फडा बुडातून पिवळा पडून मऊ होतो. म्हणून माळाची मुरमाड जमीन निवडावी. काळ्याच रानात लावायचा तर मुरूम-वाळूचा फूट-दीड फूट उंच वरंबा करावा.

सहा महिने ते वर्षभर वयाचा निरोगी फडा, म्हणजे झाडाचा एक चपटा तुकडा, सांध्यावर कापावा. सावलीत दहा-पंधरा दिवस ठेवून जखम सुकू द्यावी. ओल्या जखमेचा फडा लावला की बुरशी तिथूनच शिरते. मग तिसरा हिस्सा ते निम्मा मातीत, उभा लावावा. चपट्या बाजू पूर्व-पश्चिमेला ठेवाव्यात. पहिले काही दिवस पाणी देऊ नये. पुढे उन्हाळ्यात पंधरवड्याला एकदा पुरतं. किड्याचे पुंजके दिसले तर साबणाच्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावेत, फार माखलेला फडा कापून जाळावा.

तोडणी वर्ष-दीड वर्षाने, तीही दुपारनंतर. फड्या रात्री हवा घेतो आणि आम्ल साठवतो, त्यामुळे सकाळी तो जास्त आंबट असतो. त्याच्यात शंभरातले ८५ ते ९० भाग पाणीच असतं आणि प्रथिनं कमी. नुसताच घातला तर जनावर पातळ हगतं. बारीक चिरून कडब्याच्या कुट्टीत मिसळावा, सोबत थोडी पेंड द्यावी, आणि सुरुवात दिवसाला दोन-तीन किलोंनी करावी.