मानसिक प्रथमोपचार वेगळा, समुपदेशन वेगळं

पावसाळ्यात मुंबईत इमारत पडते. 2017 साली घाटकोपर आणि भेंडी बाजार, 2019 मध्ये डोंगरी, 2022 मध्ये कुर्ल्याचं नाईक नगर. अशा वेळी वाचलेल्यांची सोय बरेचदा जवळच्या पालिका शाळेत होते आणि ‘समुपदेशन शिबिर’ असा फलक लागायला वेळ लागत नाही. फलकाखाली सतरंजीवर पंधरा-वीस माणसं गोल करून बसवायची आणि एकेकाला विचारायचं, ‘नेमकं काय झालं ते सांगा, बोललं की मन हलकं होतं.’ याला समुपदेशन म्हणत नाहीत आणि मानसिक प्रथमोपचारही म्हणत नाहीत. तरी बातमीत, अहवालात आणि प्रमाणपत्रावर दोन्ही शब्द बिनदिक्कत छापले जातात.

समुपदेशन म्हणजे काय ते बहुतेकांना ठाऊक असतं. प्रशिक्षित माणूस, ठरलेली वेळ, बंद खोली, गोपनीयता, आठवड्यामागून आठवडे चालणारी सत्रं. मानसिक प्रथमोपचार म्हणजे आपत्तीनंतर लगेच, जागेवरच दिलेला साधा आधार. त्याला यातलं काहीच लागत नाही. तो शाळेच्या व्हरांड्यात होतो, रुग्णालयाच्या जिन्यात होतो, कधी दहा मिनिटांत आटपतो. पदवी लागत नाही. अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या बायका, गणेश मंडळाची पोरं हे काम करू शकतात आणि एका दिवसाच्या प्रशिक्षणात त्याची ओळख होते. हे फरक किरकोळ आहेत, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

घोळ होतो तो एकाच जागी. घडलेल्या प्रसंगाबद्दल विचारायचं की नाही?

प्रथमोपचारात विचारायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या मार्गदर्शिकेत कामाची तीन अंगं आहेत: पाहा, ऐका, जोडा. कोण जखमी आहे, कोण एकटं पडलंय, कोणाच्या हातात तान्हं मूल आहे ते पाहायचं. माणूस जे सांगेल तेवढं ऐकायचं. मग त्याला त्याच्या माणसांशी, औषधांशी, पंचनाम्याशी, रेशनशी जोडून द्यायचं. ‘काय झालं?’ हा प्रश्न या तिन्हींत कुठेच नाही. त्याच्या जागी ‘आत्ता काय हवंय?’ आणि ‘कोणाला फोन लावायचाय का?’ हे दोन प्रश्न आहेत.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: मानसोपचारात तर रुग्णाला तो प्रसंग पुन्हा सांगायला लावतात, मग आम्ही सांगायला लावलं तर काय बिघडलं? आक्षेप अर्धा खरा आहे, म्हणून तो धोक्याचा आहे. आघातावरच्या काही उपचारपद्धतींत प्रसंग खरोखर पुन्हा पुन्हा सांगायचा असतो. पण तिथे साधारण 8 ते 15 सत्रं असतात, तासा-दीड तासाची. तोच थेरपिस्ट पुढच्या आठवड्यातही समोर असतो. आठवण निघाली की छातीत धडधडतं, घाम फुटतो. ते शांत होईपर्यंत तो थांबतो, घरी करायचा सराव देतो, त्याचा परिणाम तपासतो. आणि मुख्य म्हणजे रुग्ण तोवर सुरक्षित छपराखाली झोपत असतो. सतरंजीवरच्या शिबिरात यातलं काय असतं? टाके घालायची सोय नसताना जखम उघडून पाहण्यातला हा प्रकार आहे.

हे नुसतं मत नाही. 1983 मध्ये जेफ्री मिचेल यांनी अग्निशमन आणि रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांसाठी गटात बसून घटनेची उजळणी करण्याची एक पद्धत मांडली. ती पुढे सरसकट आपत्तीग्रस्तांवर वापरली जाऊ लागली. आघातानंतर लगेच घेतलेल्या अशा एकाच सत्राच्या अभ्यासांची कॉक्रेन समीक्षा, म्हणजे सगळे अभ्यास एकत्र तपासणारा आढावा, 2002 मध्ये निघाली. पुढे जडणारा आघातोत्तर तणाव त्याने टळत नाही, असा तिचा निष्कर्ष होता. एका अभ्यासात तर सत्र घेतलेल्यांची अवस्था वर्षभरानंतर न घेतलेल्यांपेक्षा वाईट निघाली. बहुतेक माणसं घरच्यांच्या आधाराने, आपल्या गतीने सावरतात. त्या सावरण्यात आपण पाय घालतो. गटात आणखी एक भर पडते: ज्याने फक्त आवाज ऐकला होता, त्याच्या डोक्यात शेजाऱ्याने वर्णन केलेलं प्रेतही जाऊन बसतं.

आता उलटी चूक. ‘विचारू नका’ याचा अर्थ ‘बोलू देऊ नका’ असा काढून काही स्वयंसेवक माणूस बोलायला लागला की विषय बदलतात, ‘रडू नका’ म्हणतात, चहा पुढे करतात. तेही चूक. कोणी आपणहून सांगत असेल तर शेजारी बसा, समोर उभं राहून ऐकू नका. मध्ये ‘मग?’, ‘आवाज कसा आला?’, ‘तुमची आई कुठे होती तेव्हा?’ असं खोदू नका. माणूस थांबला की आपणही थांबायचं. ‘सांगावंसं वाटलं तर मी इथे आहे, नाही सांगितलंत तरी चालेल,’ एवढं वाक्य पुरतं. तेच तेच सांगताना श्वास लागू लागला, नजर हरवली, तर त्याला हळूच आत्तात आणायचं: पाय जमिनीला टेकवा, समोर दिसणाऱ्या पाच वस्तू सांगा, श्वास घेतलात त्याहून सावकाश सोडा. डोळे मिटायला सांगू नका. मिटल्या डोळ्यांपुढे तेच येतं.

‘देवाची इच्छा’, ‘नशीब समजा, तुम्ही तरी वाचलात’, ‘मी समजू शकते’ ही तीन वाक्यं बाद. आणि माहीत नसताना ‘ते सुखरूप असतील’ तर मुळीच नाही. ‘मला माहीत नाही, चौकशी करून चार वाजता सांगते,’ म्हणा आणि बातमी नसली तरी चारला जा. विश्वास त्या चार वाजता बसतो.

पोलिसांना जबाब घ्यावाच लागतो, पंचनामाही टळत नाही. तिथे प्रथमोपचार करणाऱ्याने फक्त सोबत बसायचं आणि कोण, कशासाठी विचारतंय ते आधी सांगायचं. आपल्या हातातलं एवढंच की बाकीच्या चार संस्थांनी चार फॉर्म भरून तीच कहाणी चार वेळा वदवून घेऊ नये. नाव, माणसं किती, औषधं, संपर्क यांची एकच नोंद ठेवा आणि कुटुंबाला विचारून सगळ्यांनी तीच वापरा. ओळख पटवायला शवागारात जाणाऱ्याबरोबर एकाने जायचं. आत काय दिसेल ते दाराबाहेर सांगायचं आणि आत कोणी जायचं हे कुटुंबाला ठरवू द्यायचं. मुलांना ‘पडलेल्या इमारतीचं चित्र काढा’ सांगणाऱ्यांना मात्र सरळ बाहेर काढा. कागद-रंग द्या, विषय देऊ नका.

दुसऱ्याच दिवशी ‘पीटीएसडी’, म्हणजे आघातोत्तर तणावाचा आजार, हा शब्द उच्चारणाऱ्यांना तर आवरलंच पाहिजे. लक्षणं महिनाभराहून जास्त टिकल्याशिवाय ते निदान होतच नाही. पहिल्या दिवसांत झोप न लागणं, दचकणं, जेवण न जाणं हे अपेक्षित आहे. त्यावर झोपेच्या गोळ्या वाटण्याची घाईही नको. अशा लक्षणांसाठी पहिल्या महिन्यात अल्प्राझोलामच्या जातीच्या, चिंता दाबून झोप आणणाऱ्या गोळ्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

ज्यांसाठी महिनाभर वाट न पाहता लगेच डॉक्टरकडे न्यायचं, त्या गोष्टी वेगळ्या आहेत. जीव देण्याची भाषा, स्वतःकडे किंवा पोराबाळांकडे पाहणंच सुटणं, नसलेले आवाज ऐकू येणं. आणखी दोन गोष्टी नेहमी नजरेतून सुटतात. फिट्सच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या ढिगाऱ्याखाली गेलेल्या असतात आणि त्या अचानक बंद झाल्या की काही दिवसांत प्रकृती ढासळते. पहिल्याच दिवशी नेहमीच्या औषधांबद्दल विचारा, गल्लीतल्या केमिस्टला बऱ्याचदा ती ठाऊक असतात. दुसरं, रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम येतो, भलतंसलतं दिसायला लागतं. त्याला ‘बिचाऱ्याला धक्का बसलाय’ म्हणून निजवून ठेवतात. ती जीवघेणी अवस्था असू शकते, रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करा.

समुपदेशकाचा खरा मोसम चौथ्या आठवड्यानंतर येतो. तोवर पाहुणे गेलेले, संक्रमण शिबिरातली खोली अंगवळणी न पडलेली, नोकरीवरचे खाडे वाढलेले. ज्यांची लक्षणं तेव्हाही हटत नाहीत त्यांना पालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात पाठवायचं. 14416 या टेलिमानस, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. ‘मुंबई स्पिरिट’ म्हणून ज्याचं कौतुक होतं, ते पुष्कळदा पगार कापला जाईल म्हणून दुसऱ्या दिवशी कामावर गेलेला माणूस असतं. तो कामावर गेला म्हणजे सावरला असं धरून त्याचं नाव यादीतून काढू नका.

तयारी मेमध्ये करायची. पालिका अतिधोकादायक, म्हणजे सी-1 इमारतींची यादी पावसाळ्यापूर्वी काढते, उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींची म्हाडा काढते. आपल्या वॉर्डातली यादी घ्या. प्रत्येक इमारतीमागे दोन-तीन माणसं ठरवा, त्यात निदान एक बाई हवी आणि ती त्याच इमारतीत राहणारी नको, कारण त्या रात्री ती स्वतःच आपत्तीग्रस्त असेल. घरोघरच्या कायमच्या औषधांची नावं एका वहीत लिहून ती वही दुसऱ्या इमारतीत ठेवा. पालिकेचा मदत क्रमांक 1916 आणि रुग्णवाहिकेचा 108 जिन्यात रंगवून घ्या. माणसं आठ-आठ तासांच्या पाळीने लावा, कारण सलग सोळा तास काम केलेला स्वयंसेवक संध्याकाळी लोकांवर खेकसायला लागतो.