तीन सेकंदांचा काळा पडदा

संध्याकाळी साडेसहाला मी टेबलावरच्या छोट्या स्विचचं बटण दाबते. मॉनिटर काळा होतो. कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकून विझतो. एक, दोन, तीन… आणि ऑफिसच्या लॅपटॉपऐवजी घरचा संगणक पडद्यावर येतो. टेबल चार फुटी, त्यावर दोन मॉनिटर मांडायला जागा नाही, म्हणून एकच मॉनिटर, एकच कीबोर्ड आणि एकच माउस या स्विचच्या मदतीने दोन्ही संगणकांना आलटून पालटून पुरवायचा. घरून काम करणाऱ्या अनेकांच्या घरी हाच संसार असतो.

दिव्याचं बटण दाबलं की दिवा लगेच लागतो. मग इथेच तीन सेकंद का लागावेत? बरेच दिवस मला वाटायचं की स्विच स्वस्तातला आहे म्हणून. खरं कारण वेगळं आहे आणि ते कळल्यापासून त्या काळ्या पडद्याकडे मी कुतूहलाने बघते. बल्बला फक्त वीज हवी असते. मॉनिटर आणि कीबोर्ड यांना मात्र आधी ओळख करून द्यावी लागते आणि प्रत्येक वेळी बटण दाबलं की ती पहिल्यापासून सुरू होते.

आधी कीबोर्ड. यूएसबीच्या जोडणीत सगळा कारभार एकाच संगणकाच्या हातात असतो. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तसे एका कीबोर्डला एकाच वेळी दोन संगणक चालत नाहीत. म्हणून साधा स्विच काय करतो, तर कीबोर्ड एका संगणकातून काढतो आणि दुसऱ्यात खुपसतो. आपण हाताने वायर काढून लावली असती तर जे झालं असतं, नेमकं तेच.

वायर लागताच कीबोर्डमधला दीड हजार ओहमचा एक चिमुकला रोधक डेटाच्या दोन तारांपैकी एकीचं व्होल्टेज वर उचलतो. संगणकाला एवढी खूण पुरते, कोणीतरी आलंय. तो कीबोर्डला रिसेट करतो. नव्याने आलेलं प्रत्येक उपकरण सुरुवातीला शून्य नंबरवर ओ देतं. मग संगणक त्याला 1 ते 127 मधला एक नंबर देतो आणि विचारत जातो, तू कोण, कोणत्या कंपनीचा, काय काम करतोस, वीज किती लागते. उत्तरं जुळली की मगच कीबोर्ड कामाला लागतो. त्यानंतरही तो आपणहून काही बोलत नाही. संगणक दर काही मिलिसेकंदांनी विचारतो, ‘काही दाबलंय का?’ आणि कीबोर्ड तेवढ्यापुरतं उत्तर देतो.

या उत्तरात काय असतं ते मला बाबांच्या एका प्रश्नामुळे शोधावं लागलं. बाबा घरच्या संगणकावर इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरांच्या ठरलेल्या मांडणीत लिहितात, तर मी ऑफिसच्या लॅपटॉपवर फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या उच्चारांवर चालणारी मांडणी वापरते. एच लिहिलेलं बटण बाबांनी दाबलं की ‘प’ उमटतो, मी दाबलं की ‘ह’. एकदा त्यांनी विचारलं, “अगं, पण कीबोर्डला कसं कळतं, तू बसली आहेस की मी?”

कीबोर्डला ते कळत नाही. त्याला ‘ह’ माहीत नाही, ‘प’ माहीत नाही आणि खरं म्हणजे एचसुद्धा माहीत नाही. तो फक्त 11 हा आकडा पाठवतो, म्हणजे अकरा क्रमांकाचं बटण दाबलं गेलं. त्या 11 चा ‘प’ करायचा की ‘ह’, हे पलीकडचा संगणक ठरवतो. साध्यात साधा कीबोर्ड दर खेपेला जेमतेम 8 बाइटची चिठ्ठी पाठवतो. त्यात एक बाइट शिफ्ट-कंट्रोलसारख्या बटणांसाठी, एक राखीव आणि सहा बाइट एकाच वेळी दाबलेल्या सहा बटणांसाठी. दोन संगणकांत एक कीबोर्ड वाटून घेता येतो तो यामुळेच. भाषा संगणकाकडे असते, कीबोर्डकडे फक्त आकडे.

मॉनिटरची गोष्ट जास्त नाजूक आहे. एचडीएमआयच्या वायरीत 19 पिना असतात. संगणक त्यातल्या एका पिनेवर 5 व्होल्ट पाठवतो आणि मॉनिटर एकोणिसाव्या पिनेवर उलट खूण करतो, ‘मी आहे.’ मग संगणक दोन संथ तारांवरून मॉनिटरची ओळखपत्रिका वाचतो. तिचं नाव ईडीआयडी. कंपनी, मॉडेल, पडद्याची लांबी-रुंदी, कोणकोणती रिझोल्यूशन चालतात हे सगळं तिच्या मूळ पानावर 128 बाइटमध्ये बसवलेलं असतं. युनिकोडमधलं आपलं एक देवनागरी अक्षर साठवायला बहुधा 3 बाइट लागतात, म्हणजे 128 बाइटमध्ये फार तर बेचाळीस अक्षरं मावतील. नव्या मॉनिटरांना ही जागा पुरत नाही, म्हणून ते आणखी एक-दोन पानं जोडतात.

पत्रिका जुळली की चित्राचा लोंढा सुरू होतो. फोरके मॉनिटरवर 3840 गुणिले 2160, म्हणजे सुमारे 83 लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला 24 बिट आणि सेकंदाला 60 चित्रं धरली तर दर सेकंदाला सुमारे 1,194 कोटी बिट होतात. एवढ्या धबधब्याशी ताल जुळवायला मॉनिटरला थोडा वेळ लागणारच. काळ्या पडद्यामागे हे सगळं चाललेलं असतं.

खरा त्रास मात्र त्या तीन सेकंदांचा नाही. साधा स्विच मॉनिटर तिकडे नेतो तेव्हा इकडच्या संगणकाला एकोणिसाव्या पिनेवरची खूण मिळेनाशी होते. मॉनिटर गेला असं समजून तो मोठ्या पडद्यावर मांडून ठेवलेल्या खिडक्या गोळा करून लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर कोंबतो. सकाळी परत यावं तर डावीकडे ठेवलेला एक्सेल उजवीकडे, मेल त्याच्याखाली दडलेली. मी कित्येक महिने रोज सकाळची पाच मिनिटं या आवराआवरीत घालवली आहेत.

यावरचा उपाय कॉलेजातल्या प्रॉक्सीसारखा आहे. चांगला स्विच मॉनिटरच्या ओळखपत्रिकेची नक्कल स्वतःजवळ ठेवतो आणि मॉनिटर दुसरीकडे असला तरी त्याच्या नावाने हजेरी लावत राहतो. संगणकाला पत्ताच लागत नाही आणि खिडक्या जागच्या जागी राहतात. खोक्यावर ‘ईडीआयडी एम्युलेशन’ असं लिहिलेलं असतं. स्विच घेताना मी आता आधी हेच शोधते, पोर्ट किती आहेत ते नंतर. ही युक्ती जुनीच आहे. सर्व्हर रूममध्ये अनेक यंत्रांना मिळून एक कीबोर्ड असायचा आणि त्या काळचे बरेच संगणक सुरू होताना कीबोर्ड दिसला नाही तर तिथेच अडून बसायचे. म्हणून स्विच प्रत्येक यंत्राला ‘कीबोर्ड आहे’ असं भासवत राहायचा.

यूएसबी-सीची एकच वायर लावून सगळं चालवणाऱ्यांना एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या चपट्या तोंडात 24 पिना असतात आणि वेगवान डेटासाठी चार मार्गिका. मोठ्या मॉनिटरच्या चित्राने त्या चारही अडवल्या, तर पेनड्राइव्ह, कॅमेरा वगैरे उरलेल्यांना सेकंदाला 480 मेगाबिटच्या जुन्या वाटेने जावं लागतं. मॉनिटर लावला की पेनड्राइव्ह रांगायला लागतो, त्याचं एक नेहमीचं कारण हे आहे. नवा पेनड्राइव्ह आणून काही फरक पडत नाही, मी आणून पाहिला आहे.

स्विचशिवायही जमतं. बहुतेक मॉनिटरांना दोन-तीन इनपुट असतात, ते मागच्या बटणाने बदलायचे. आणि तीन उपकरणं लक्षात ठेवणारा ब्लूटूथ कीबोर्ड घ्यायचा. वायफायवरून एकच माउस दोन संगणकांवर फिरवणारे प्रोग्रामही आहेत, पण ते ऑफिसच्या लॅपटॉपवर टाकण्याआधी आयटीवाल्यांना विचारा. त्यात तुम्ही टाइप केलेलं अक्षर नेटवर्कवरून एका यंत्रातून दुसऱ्यात जातं आणि त्यात पासवर्डही आले.

साध्या स्विचमधून एका संगणकाच्या फायली दुसऱ्यात जात नाहीत. पण त्याच्या यूएसबी पोर्टात पेनड्राइव्ह राहिला, तर बटण दाबताच तो पलीकडच्या संगणकाला जोडला जातो. ऑफिसची फाइल घरच्या संगणकावर उघडी पडायला एवढं पुरे. त्यामुळे माझ्या स्विचला कीबोर्ड आणि माउस सोडून काहीही लावायचं नाही, असा घरात नियम आहे.

संरक्षण खात्यासारख्या ठिकाणी वापरतात ते स्विच याच्याही पुढे जातात. त्यांत कीबोर्डकडून संगणकाकडे माहिती जाऊ शकते, उलट दिशेने काहीच येऊ शकत नाही. आता, उलट दिशेने येण्यासारखं असतं तरी काय? तो कॅप्स लॉकचा दिवा. तो कीबोर्ड स्वतः लावत नाही, संगणक त्याला ‘लाव’ म्हणून सांगतो. म्हणजे संगणक कीबोर्डमध्ये एक बिट लिहू शकतो आणि त्या बिटाच्या वाटेने एका यंत्रातली गुपितं थेंबाथेंबाने दुसऱ्यात झिरपवता येतील. म्हणून तशा स्विचला जोडलेल्या कीबोर्डवर कॅप्स लॉक चालतो, पण त्याचा दिवा लागत नाही.