गचाचा (रवांडातली गावसभेची न्यायालयं)

गचाचा म्हणजे रवांडातल्या गावात मोकळ्या जागी गवतावर बसून चालणारी न्यायसभा, आणि किन्यारवांडा भाषेत हे नावसुद्धा त्या गवतावरूनच आलंय. पूर्वी तिथे बांधाची, गुराढोरांची, भाऊबंदकीची भांडणं यायची, जाणती माणसं दोन्हीकडचं ऐकून घ्यायची, शेवटी चुकलेल्यानं बिअर आणायची आणि सगळ्यांनी मिळून प्यायची की मिटलं भांडण. खुनाचे खटले चालवायला ही पद्धत कधी बनलेलीच नव्हती, हे आधी लक्षात घ्यायला हवं.

1994 च्या एप्रिल ते जुलै, साधारण 100 दिवसांत, बहुसंख्य हुतू समाजातल्या कट्टरपंथीयांनी घडवलेल्या कत्तलीत अल्पसंख्य तुत्सी लोक आणि कत्तलीला विरोध करणारे हुतू मिळून 8 लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, रवांडा सरकार तर 10 लाखांच्या वर सांगतं. मारणारे फक्त सैनिक किंवा इंतेरहाम्वे या हुतू सशस्त्र टोळीतले नव्हते, शेजारी होते, एकाच चर्चमध्ये येणारे होते, हातात बऱ्याचदा शेतात वापरायचा कोयता. म्हणजे नंतर मारणारे आणि वाचलेले दोघांनाही राहायचं होतं त्याच टेकडीवर, एकमेकांच्या दारावरून जात-येत. 2000 पर्यंत तुरुंगांत 1 लाखाच्या वर आरोपी कोंबलेले, न्यायाधीश आणि वकील बरेचसे मारले गेलेले किंवा देश सोडून गेलेले, नेहमीच्या कोर्टात हे सगळं चालवायचं तर शंभर वर्षंही पुरली नसती. टांझानियातल्या आरुषाचं आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण सूत्रधारांसाठी होतं, तिथे एकूण 93 जणांवर आरोप ठेवले गेले.

मग हे खटले गचाचापुढे चालवायचा कायदा 2001 मध्ये झाला, 2002 मध्ये काही ठिकाणी सुरुवात झाली, 2005 पासून खटले उभे राहायला लागले आणि 18 जून 2012 ला गचाचा अधिकृतपणे बंद झाली. एकूण 12 हजारांच्या आसपास न्यायालयं आणि 19 लाखांवर केसेस. न्यायाधीश गावानंच निवडलेले, त्यांना ‘इन्यांगामुगायो’ म्हणायचे म्हणजे सचोटीची माणसं, कायद्याचं शिक्षण जेमतेम, पगार नाही, अंगावर फक्त एक पट्टा. वकील कोणालाच नाही.

कबुलीजबाब हा या सगळ्याचा कणा. आरोपीनं काय केलं, बरोबर कोण होतं, प्रेत कुठे टाकलं हे सगळं सांगायचं आणि सगळ्यांसमोर माफी मागायची, मग शिक्षा बरीच कमी व्हायची आणि त्यातलाही मोठा भाग तुरुंगाबाहेर रस्ते, घरं बांधण्यासारख्या कामात भरता यायचा. आता समोरचं दृश्य बघा, गुलाबी कपड्यातला कैदी उभा आहे, गवतावर सगळा गाव बसलाय, आणि एक बाई उठून त्याला फक्त एवढंच विचारते की माझी मुलं कुठे टाकलीस. वाचलेल्या कितीतरी लोकांना शिक्षेपेक्षा हे उत्तर जास्त हवं होतं, कारण उत्तर मिळालं तरच खड्डा खणून हाडं काढता येत होती, नीट पुरता येत होती. मला विचाराल तर गचाचानं दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

माफीचं मात्र अवघड आहे. शिक्षेत सूट मिळते म्हणून मागितलेली माफी कितपत खरी हे ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि सगळा गाव बघत असताना ‘नाही, मी माफ करत नाही’ म्हणायला फार धीर लागतो. कायद्यात माफ करण्याची सक्ती नव्हती पण वातावरणात दडपण होतंच, आणि ते ज्यांचं सगळं गेलं त्यांच्यावरच यावं हे मला अन्यायाचं वाटतं. साक्षीदारांना धमक्या आल्या, काहींना ठारही मारलं, जुन्या वैरातून खोटे आरोपही झाले. 2008 नंतर बलात्काराच्या बहुतेक केसेस बंद दाराआड इथेच आल्या, तेव्हा त्या बायकांना ओळखीच्याच माणसांपुढे बोलावं लागलं. लुटालुटीच्या भरपाईचे निकाल लागले पण पैसे अनेकांच्या हातात आलेच नाहीत. कत्तल थांबवून सत्तेवर आलेल्या आरपीएफच्या (रवांडन पॅट्रिऑटिक फ्रंट, तुत्सींच्या नेतृत्वाखालचं बंडखोर दल) सैनिकांनी केलेले गुन्हे तर या सभेपुढे आलेच नाहीत, आणि ज्या हुतू कुटुंबांची माणसं त्यात गेली त्यांना हा न्याय एकतर्फी वाटला.

तरीही गावं चालू राहिली, ओळखपत्रावरून हुतू-तुत्सी हा रकाना गेला, काही ठिकाणी मारेकरी आणि वाचलेले एकाच सहकारी संस्थेत काम करताना दिसतात. आणि मग 2018 मध्ये राजधानी किगालीच्या गसाबो जिल्ह्यात घरांच्या खाली मोठे खड्डे सापडले, हजारो माणसांचे अवशेष निघाले. गचाचाची सभा तिथेही भरली होती, पण आजूबाजूला राहणाऱ्यांपैकी कोणी 24 वर्षं तोंड उघडलं नव्हतं.