टायरची पकड सुटण्याआधी काय घडते?

कोइम्बतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’ ही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची स्पर्धा भरते आणि पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांचे संघही स्वतः बांधलेल्या एका आसनाच्या गाड्या घेऊन तेथे उतरतात. त्या स्पर्धेतील ‘स्किडपॅड’ नावाची चाचणी बघ्यांना काहीशी कंटाळवाणी वाटते. डांबरावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दोन वर्तुळे आखलेली असतात. त्यांच्या आतल्या कडेचा व्यास १५.२५ मीटर आणि बाहेरच्या कडेचा २१.२५ मीटर असतो, आणि मधल्या तीन मीटरच्या पट्ट्यातून गाडीने आधी उजवीकडे दोन व मग डावीकडे दोन फेऱ्या मारायच्या असतात. साडेपाच सेकंदांत एक फेरी पूर्ण करणाऱ्या गाडीचा वेग ताशी ३७-३८ किलोमीटरच असतो. शहरातली रिक्षाही एवढ्या वेगाने धावते. तरीही त्या क्षणी ती गाडी आपल्या टायरांच्या क्षमतेच्या अगदी टोकाला असते, कारण वळताना तिला मिळणारे त्वरण गुरुत्व त्वरणाच्या १.२ पट भरते.

गाडी ‘मर्यादेवर’ चालवणे म्हणजे ती भन्नाट वेगाने पळवणे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात वळणावरची मर्यादा तीन गोष्टींवर ठरते: टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणांक, गुरुत्व त्वरण आणि वळणाची त्रिज्या. या तिघांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढले की त्या वळणावरचा कमाल वेग मिळतो. गाडीचे वस्तुमान या सूत्रात येतच नाही, कारण ते समीकरणाच्या दोन्ही बाजूंना असते आणि निघून जाते. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.९ धरला, तर ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ही मर्यादा ताशी सुमारे ७६ किलोमीटर येते; पाऊस पडून घर्षणांक ०.५ वर आला, तर तेच वळण ताशी ५६ किलोमीटरलाच हातचे जाऊ लागते. पाणी शिंपडलेल्या मोकळ्या पटांगणावर २० मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखले, तर मर्यादा ताशी ३६ किलोमीटरवर येऊन ठेपते.

सुरक्षित शिकण्याचा सगळा मार्ग या शेवटच्या आकड्यातून निघतो. ताशी १४४ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीची गतिज ऊर्जा ताशी ३६ किलोमीटरच्या गाडीपेक्षा चौपट नव्हे, तर सोळापट असते. टायर मात्र दोन्ही वेगांना जवळजवळ सारख्याच रीतीने घसरतो. त्यामुळे घसरण्याची ओळख कमी ऊर्जेच्या जागी करून घ्यायची आणि जास्त ऊर्जेच्या जागी ती ओळख वापरायची, हा क्रम शहाणपणाचा आहे. अनेक हौशी चालक नेमके उलटे करतात: पहिल्याच दिवशी मोठ्या ट्रॅकवर उतरतात आणि गाडी पहिल्यांदा सुटते ती सर्वांत वेगवान वळणावर. सार्वजनिक रस्त्याचा तर येथे विचारच नको. तेथे शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. जाता जाता एक गोष्ट सांगितली पाहिजे: आपल्याकडच्या नेहमीच्या वाहन विम्यात शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, त्यामुळे ट्रॅकवर पाऊल टाकण्याआधी पॉलिसीचा बारीक मजकूर वाचलेला बरा.

टायर अचानक सुटतो, असे आपल्याला वाटते. पण त्याच्या वागण्याचा आलेख पाहिला तर तेथे कडा दिसत नाही, चढ आणि उतार दिसतो. प्रत्येक टायर जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर रस्त्याला टेकलेला असतो. स्टीअरिंग फिरवल्यावर चाकाचे तोंड एका दिशेला असते आणि चाक प्रत्यक्षात किंचित वेगळ्या दिशेला सरकत असते. या दोन दिशांमधल्या कोनाला ‘स्लिप अँगल’ म्हणतात आणि तो असल्याशिवाय टायर वळण्याचे बल निर्माणच करू शकत नाही, कारण ते बल रबर बाजूला ताणले गेल्यामुळे येते. कोन वाढत जातो तसे बलही वाढते. रस्त्यावरच्या साध्या टायरात सहा ते दहा अंशांच्या आसपास ते शिगेला पोहोचते आणि त्यापुढे हळूहळू उतरू लागते. ब्रेकचेही तसेच आहे. चाकाचा फिरण्याचा वेग गाडीच्या वेगाच्या तुलनेत दहा ते वीस टक्के मागे पडतो तेव्हा ब्रेक सर्वांत जास्त लागतो. चाक पूर्ण जाम झाले की पकड कमी होते आणि त्या चाकाला वळवण्याची क्षमता जवळपास संपते.

या आलेखाचे शिखर जवळ आल्याची वर्दी टायर आधीच देतो, आणि ती हातांना कळते. टेकलेल्या रबरी पट्टीच्या पुढच्या टोकाला रबर नुकतेच रस्त्याला चिकटलेले असते, तर मागच्या टोकापर्यंत जाता जाता ते अधिकाधिक ताणले जाते. म्हणून बाजूच्या बलाचा मध्य चाकाच्या मध्याच्या थोडा मागे पडतो आणि चाक स्वतःहून सरळ व्हायला बघते. वळणात स्टीअरिंगला जो जडपणा जाणवतो, त्याचा मोठा भाग हाच असतो. मर्यादा जवळ आली की पट्टीचा मागचा भाग आधी घसरू लागतो, बलाचा मध्य पुढे सरकतो आणि एकूण बल अजून वाढत असतानाच स्टीअरिंग हलके पडते. हे हलके पडणे ओळखता येणे, हे मर्यादेवर गाडी चालवण्याच्या शिक्षणातले माझ्या मते सर्वांत मोलाचे कौशल्य आहे. लॅप टाइम त्यानंतर येतो. विजेवर चालणाऱ्या पॉवर स्टीअरिंगमुळे काही गाड्यांत ही खूण पुसट होते आणि मग टायरच्या आवाजावर अधिक भिस्त ठेवावी लागते. बारीक, स्थिर कूं-कूं चालू असेल तर टायर काम करत असतो. तो आवाज भरड होऊन घासल्यासारखा येऊ लागला की शिखर मागे पडलेले असते. मागची चाके सुटू लागल्याचे मात्र हातांआधी कमरेला, सीटमधून कळते.

वर्तुळात गाडी या टोकाला नेऊन ठेवली की पुढचा पाठ हिशेबाचा असतो. टायरकडे जी एकूण पकड आहे तिच्यातूनच वळणे, थांबणे आणि वेग घेणे ही तिन्ही कामे भागवावी लागतात, पण ही वाटणी साध्या बेरजेने होत नाही. ब्रेकचे बल आणि वळण्याचे बल एकमेकांशी काटकोनात असल्याने त्यांच्या वर्गांची बेरीज मर्यादेत राहावी लागते. एकूण पकडीच्या ८० टक्के ब्रेकसाठी वापरली, तरी वळण्यासाठी २० नव्हे, तर ६० टक्के उरते. म्हणूनच कसलेला चालक वळणात शिरताना ब्रेक एकदम सोडत नाही. स्टीअरिंग जसजसे फिरते तसतसा पाय हळूहळू उचलतो. उलट बाजूने पाहिले, तर ९५ टक्के पकड वळण्यात खर्च होत असताना ब्रेकसाठी सुमारे ३१ टक्केच शिल्लक असते, आणि दचकून पूर्ण ब्रेक दाबणारा चालक नेमकी तीच मागणी करतो जी टायर पुरवू शकत नाही. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते, त्यामुळे पुढच्या दोन टायरांवर तिन्ही कामांचा भार पडतो आणि नाक वळणाबाहेर सरकू लागते. यालाच अंडरस्टिअर म्हणतात. अशा वेळी हात आपोआप स्टीअरिंग आणखी फिरवू पाहतात. शिखर ओलांडलेल्या टायराला अधिक कोन दिला तर पकड आणखी घटते. ॲक्सिलरेटर थोडा सैल करून स्टीअरिंग किंचित मागे घेतले, तर ती परत येते.

यात वजनाच्या स्थलांतराची भर पडते. १,००० किलोची गाडी घ्या, जिचे ६०० किलो पुढच्या आणि ४०० किलो मागच्या चाकांवर आहेत, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटीमीटर उंच आहे आणि दोन्ही आसांमध्ये २.४ मीटर अंतर आहे. गुरुत्व त्वरणाच्या ०.८ पट जोराने ब्रेक लावला, की सुमारे १८० किलोचा भार मागून पुढे जातो आणि मागच्या चाकांवर २२० किलोच उरतात. हेच वळणाच्या मध्यावर थोड्या प्रमाणात घडले, तर पुढची चाके घट्ट रोवली जातात, मागची हलकी होतात आणि गाडीची शेपटी बाहेर येते. त्यासाठी ब्रेकही लागत नाही. मर्यादेवर असताना ॲक्सिलरेटरवरून पाय झटकन उचलला तरी पुरते. घाबरलेला माणूस पहिली गोष्ट कोणती करतो, तर पाय उचलतो. स्किडपॅडवर प्रशिक्षक हाच पाय मुद्दाम उचलायला लावतात, कारण तेथे गाडी गिरकी घेऊन ओल्या डांबरावर निमूट थांबते.

शेपटी बाहेर आली की घसरणीच्या दिशेने स्टीअरिंग फिरवायचे, हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेले असते. अडचण पुढच्या अर्ध्या सेकंदात येते. मागच्या चाकांनी पकड परत मिळवली की स्टीअरिंग तितक्याच चपळाईने सरळ करावे लागते, नाहीतर गाडी विरुद्ध बाजूला आणखी जोरात फेकली जाते आणि बहुतेक वेळा हा दुसरा झोकाच भिंतीपर्यंत नेतो. नजर या कामात मोठी मदत करते. डोळे जायच्या वाटेवर खिळलेले असले की हातांना किती फिरवायचे याचा अंदाज येतो. भिंतीकडे पाहत राहिले तर हात गाडीला तिकडेच नेतात. आणि सगळे हातचे गेलेच, गाडी पूर्ण गिरकीत गेली, तर क्लच आणि ब्रेक दोन्ही तळापर्यंत दाबून धरायचे, म्हणजे ती जवळपास एकाच रेषेत घसरत थांबते आणि मागून येणाऱ्यांना तिचा मार्ग ओळखता येतो.

मग ट्रॅक. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आहे, तर ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटर लांब असून तेथे एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. अशा पट्ट्याच्या शेवटी चुकीची किंमत वेगाच्या वर्गाने वाढते. ५० मीटर त्रिज्येच्या त्याच वळणात मर्यादेपेक्षा फक्त दहा टक्के जास्त वेगाने शिरलात, तर पकडीची गरज २१ टक्क्यांनी वाढते; म्हणजे गाडी आता ६० मीटरहून अधिक त्रिज्येचे वर्तुळ काढणार आणि रस्ता तेवढा रुंद नसतो. म्हणून नवख्याने ब्रेक मुद्दाम लवकर, सरळ रेषेत लावावा, वळणातला वेग प्रत्येक फेरीत थोडाथोडा वाढवावा आणि ब्रेकचा बिंदू पुढे सरकवणे अगदी शेवटी करावे. एका फेरीत एकच गोष्ट बदलली, तर गाडी का सुटली याचे उत्तर मिळते. तिन्ही एकदम बदलल्या तर काहीच शिकायला मिळत नाही. वळणाच्या आतल्या कडेला उशिरा स्पर्श करणारी वाट घ्यावी, असेही प्रशिक्षक सांगतात. त्या वाटेने गाडीचे बहुतांश वळणे सुरुवातीलाच, कमी वेगात उरकते आणि बाहेर पडताना अंदाज थोडा चुकला तरी पुढे डांबर शिल्लक असते. घाईने आत शिरणाऱ्याला मात्र शेवटी, वेग वाढत असताना, रस्ता अपुरा पडतो.

स्थिरता नियंत्रण प्रणाली बंद करून शिकावे का, हा नेहमीचा वाद आहे. बॉशची ही प्रणाली १९९५ मध्ये मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये आली. गाडी स्टीअरिंगच्या मागणीपेक्षा कमी किंवा जास्त फिरते आहे असे दिसताच ती एखाद्याच चाकाचा ब्रेक लावते, आणि चार चाकांना वेगवेगळा ब्रेक लावणे कोणत्याही माणसाला जमणारे नाही. स्किडपॅडवर ती बंद ठेवावी, ट्रॅकवर चालू ठेवावी आणि डॅशबोर्डवरचा तिचा दिवा लुकलुकला की आपली चूक कोठे झाली ते आठवावे. वेगवान वळणात दिवा एकदाही न लागता फेऱ्या होऊ लागेपर्यंत ती बंद करण्यात मला काही शौर्य दिसत नाही.

गाडीच्या मर्यादा टायरांपाशी संपत नाहीत. १,००० किलोची गाडी ताशी १५० वरून ६० किलोमीटरवर आणताना ब्रेकना सुमारे ७३० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. तेवढ्यात खोलीच्या तापमानाचे दोन लिटरहून अधिक पाणी उकळीला येईल, आणि हे प्रत्येक फेरीत कित्येकदा घडते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ४ दर्जाचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की ही किमान हमी १५५ अंशांवर येते. ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे झाले की पॅडल विरोध न करता खाली जाते, कारण वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. म्हणून ट्रॅकवर जाण्याआधी ऑइल बदलावे, सत्रे छोटी ठेवावीत आणि शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न लावता, गार होण्यासाठी काढावी. पिटमध्ये उभे राहिल्यावर हँडब्रेक ओढू नये. तापलेल्या पृष्ठभागावर पॅड दाबून धरल्याने उष्णता एकाच जागी अडकते. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला अटकाव लावलेला पुरतो.

टायरमधील हवेचे गणित मात्र बरेच जण अर्धेच करतात. सकाळी २५ अंशांना ३० पीएसआय भरलेली हवा ८० अंशांपर्यंत तापली की दाब ३८ च्या आसपास जातो, पकड घटते, आणि म्हणून सत्रानंतर गरम टायरातून हवा काढून तो ३२ वर आणतात. संध्याकाळी टायर गार झाल्यावर तोच दाब २५ पीएसआयच्याही किंचित खाली आलेला असतो. भरलेल्या गाडीने, महामार्गाच्या वेगाने, रात्रभर त्या टायरांवर घरी परतणे ट्रॅकवरच्या कोणत्याही फेरीपेक्षा अधिक धोक्याचे आहे, त्यामुळे ट्रॅक सोडण्याआधी हवा पुन्हा कंपनीने सांगितलेल्या दाबापर्यंत भरून घ्यावी.