पटल-लिपिडे आणि जीवाणूंतील प्रथिनवहन

जीवाणूच्या पेशीत बनणाऱ्या अनेक प्रथिनांचे खरे काम पेशीद्रवाबाहेर, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्यात (पटलात) किंवा त्याच्या पलीकडे असते. त्यांना तिथवर नेणारी यंत्रणा कशी चालते, हे पटलातील लिपिडांवर, म्हणजे मेदासारख्या रेणूंवर, बरेच अवलंबून असते. थंडी, उपासमार, आम्लता असा ताण आला की लिपिडांचे मिश्रण बदलते आणि वहनावरही परिणाम होतो. याचा सर्वाधिक अभ्यास ई. कोलाय या जीवाणूत झाला आहे.

ई. कोलायच्या आतील पटलात साधारण ७५% फॉस्फॅटिडिल-इथॅनॉलअमाइन, २०% फॉस्फॅटिडिल-ग्लिसरॉल आणि ५% कार्डिओलिपिन असते. शेवटची दोन ऋणभारित आहेत. सेकवायईजी ही मार्गिका प्रथिनांना वाट देते, तर सेकए हे प्रथिन एटीपी (पेशीचे ऊर्जा-इंधन) खर्चून त्यांना ढकलते; ही सेक यंत्रणा. सेकए ऋणभारित लिपिडांना चिकटते आणि तिथे त्याचा एटीपी-विघटनाचा वेग वाढतो. फॉस्फॅटिडिल-ग्लिसरॉल अपुरे असलेल्या उत्परिवर्तित (जनुकात बदल झालेल्या) पेशींत वहन मंदावते, हे १९८८ मध्ये दिसून आले. कार्डिओलिपिन दोन मार्गिकांची जोडी स्थिर ठेवते असे प्रयोग सांगतात. तरी ते बनवणारी तिन्ही विकरे (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने) काढून टाकलेला जीवाणूही प्रयोगशाळेत जगतो, म्हणून कार्डिओलिपिनला ‘अनिवार्य’ म्हणणे धाडसाचे ठरेल. फॉस्फॅटिडिल-इथॅनॉलअमाइनविना मात्र मॅग्नेशियमसारखे आयन भरपूर दिल्याशिवाय वाढ होत नाही. अशा पेशींत लॅक्टोज वाहून नेणाऱ्या प्रथिनाचा अर्धा भाग चक्क उलटा बसतो. ते लिपिड पुन्हा बनू लागले की बराचसा सुलटतो.

थंडीत तूप थिजते, तसे पटलही घट्ट होऊ पाहते. त्यावर उपाय म्हणून ई. कोलाय थंडीतही पातळ राहणाऱ्या असंतृप्त मेदाम्लांचे प्रमाण वाढवतो. सेक यंत्रणेतील अनेक उत्परिवर्तने नेमकी कमी तापमानातच अडतात, कारण वहनाची ही प्रक्रियाच मुळात थंडीला हळवी आहे. अन्न संपून वाढ थांबली की कार्डिओलिपिन वाढते. असंतृप्त मेदाम्लांवर सायक्लोप्रोपेनची (तीन कार्बनांची) कडी चढते आणि आम्लापासून संरक्षण मिळते.

वहन तुंबले किंवा पटल बिघडले की पीएसपीए हे प्रथिन मोठ्या प्रमाणात तयार होते. जीवाणूंना ग्रासणाऱ्या तंतुमय विषाणूच्या संसर्गात ते प्रथम लक्षात आले. ऋणभारित लिपिडांवर थर धरून ते पटलातून होणारी प्रोटॉनांची (धनभारित हायड्रोजन कणांची) गळती रोखते आणि पटलाच्या दोन बाजूंमधला त्यांचा दाब टिकवते. वहनाला लागणारी निम्मी ताकद प्रोटॉनांच्या या दाबातूनच येते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण त्याचा हातभार निश्चित आहे. वनस्पतींच्या हरितलवकांत पीएसपीएचेच भाऊबंद असलेले व्हिप१ हे प्रथिन पटलांची निगा राखते.