वाड्यातलं जुनं नक्षीचं रिव्हॉल्वर कोणाकोणाच्या हातून आलं, ते आम्ही कसं शोधतो

नमस्कार जी. आपल्या इकडं मालगुजार, देशमुख, पाटलांच्या वाड्यात माळ्यावरच्या ट्रंकेत कधी कधी एखादं जुनं रिव्हॉल्वर निघतं. अंगावर वेलबुट्टी, मुठीच्या पट्टीवर कोणाची तरी इंग्रजी अक्षरं, अन् घरात प्रत्येकाची कहाणी वेगळी. कोणी म्हणते आबाजीले साहेबानं बक्षीस देल्लं, कोणी म्हणते लिलावात घेतलं. त्या कहाणीमागचे कागद शोधून देणं एवढंच आमचं काम, हत्यार आम्ही विकत घेत नाही अन् विकूनही देत नाही.

पहिले एक ऐका, चाप ओढून पाहू नका, पोरांना तर हातच लावू देऊ नका. टोपीवाल्या (छोटी स्फोटक टोपी लावून उडवायच्या) जुन्या रिव्हॉल्वरात तेव्हाची बंदुकीची काळी दारू भरलेली राहून गेलेली असू शकते अन् कोरडी राहिली असेल तर ती आजही पेटते. ते जसं आहे तसं ठेवा आणि ठाण्यात कळवा.

जुनं आहे म्हणजे लायसन लागत नाही, असं बरेच लोक समजून राहिले, पण तसं नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 45 जुन्या हत्याराला सूट देते, पण कधी, तर ते दुरुस्त करूनही चालणार नसेल तेव्हाच. म्हणजे 1870 चं असलं आणि चालण्यासारखं असलं तर लायसन पाहिजेच, आणि चालते का नाही हे तुम्ही-आम्ही ठरवायचं नाही. लायसनवाले आबाजी वारले असतील तर कलम 21 प्रमाणे हत्यार ठाण्यात किंवा लायसन असलेल्या डीलरकडे जमा करा, पावती नीट जपून ठेवा, मग वारसा हक्कानं जिल्हाधिकारी ऑफिसात अर्ज करा. 2019 पासून एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारशानं आलेलीही त्या दोनातच मोजतात. शंभर वर्षांच्या वरची वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्यातही येते, त्यामुळे अमेरिकेतला पुतण्या म्हणला की सोबत नेतो, तरी ते जमत नाही.

आता नक्षीचं. सगळी नक्षी हातची नसते. कोल्ट या अमेरिकन बंदूक कंपनीच्या 1851 च्या नेव्ही मॉडेलच्या सिलिंडरवर (गोळ्या भरायच्या फिरत्या भागावर) जहाजांची लढाई दिसते, ती 16 मे 1843 ची कॅम्पेचेची लढाई, ऑर्म्सबी नावाच्या कारागिरानं तिचा साचा कोरला आणि रोलरनं दाबून ते चित्र हजारो सिलिंडरवर उठवलं. सुंदर आहे, पण ते खास तुमच्या पणजोबांसाठी कोरलेलं नाही. हातच्या कामात वेलीची प्रत्येक रेघ थोडी वेगळी असते, कुठं खोल कुठं उथळ. आणि किंमत वाढवायला मागाहून कोरलेली नक्षीही असतेच. गंजानं पडलेल्या खड्ड्यांतूनही रेघ ताजी, धारदार जात असेल तर ती गंजाच्या नंतरची समजा. म्हणूनच हात जोडून सांगतो, चिंच, ब्रासो, पॉलिश पेपर काही लावू नका, पितळी गडव्यासारखं चमकवलं की नक्षीच्या कडा, शिक्के, नंबर सगळं पुसट होते आणि मग आमच्याजवळ शोधायला काही उरत नाही.

शोध सुरू होतो नंबरापासून. फ्रेम, नळी, सिलिंडर, चापाची कमान, सगळीकडे एकच नंबर असला तर बहुतेक सुटे भाग मूळचे. मग नळीवरचा पत्ता पाहतो. कोल्टनं 1853 मध्ये लंडनला पिमलिको भागात कारखाना काढला होता, तिथल्या नळीवर लंडनचा पत्ता, अमेरिकेतल्यावर न्यूयॉर्कचा किंवा हार्टफोर्डचा. इंग्रजी मालावर बर्मिंगहॅम किंवा लंडनच्या प्रूफ हाऊसचे, म्हणजे बंदुकीची नळी तपासणाऱ्या संस्थेचे शिक्के, आणि वरच्या पट्टीवर कधी विकणाऱ्या दुकानाचं नाव, कलकत्त्याच्या मँटनचं किंवा रोड्डाचंही. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपन्यांच्या जुन्या मालाची त्यांच्या दप्तरातली नोंद सांगणारं पत्र अमेरिकेतून मागवता येते, पण कोल्टच्या अगदी जुन्या मालाचे कागद फार कमी उरले, 1864 च्या फेब्रुवारीत त्यांचा हार्टफोर्डचा कारखाना जळाला होता. आणि पत्र आलं तरी त्यात बहुतेक वेळा माल कोणत्या व्यापाऱ्याकडे गेला तेवढंच असते. तिथून आबाजीपर्यंतचा रस्ता इथल्याच कागदांत शोधावा लागते.

मुठीवर नाव असेल तर त्या साहेबाला आम्ही आर्मी लिस्टमध्ये (फौजेतल्या अधिकाऱ्यांच्या छापील यादीत) आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या, म्हणजे इंग्रजांच्या काळात लंडनहून भारताचा कारभार पाहणाऱ्या खात्याच्या दप्तरात पाहतो, कारण इंग्रज अधिकारी रिव्हॉल्वर बहुधा स्वतःच्या पैशानं घेत. त्यानंतर घरातली लायसनं. आपल्या भागात हे मजेशीर आहे, एकाच घराच्या लायसनांवर आधी सी.पी. अँड बेरार (मध्यप्रांत-वऱ्हाड), 1950 नंतर मध्य प्रदेश, 1956 पासून मुंबई राज्य आणि 1960 पासून महाराष्ट्र असे शिक्के सापडू शकतात, आणि त्या शिक्क्यांवरूनच हत्यार घरात कधी आलं याचा अंदाज लागते. घरात काहीच नसेल तर नागपूरच्या पुराभिलेखागारात (जुन्या सरकारी कागदांच्या दप्तरात) अर्ज टाकतो, वेळ लागते, पण धीर धरा.

कागदात जेवढं सापडलं तेवढंच आम्ही लिहून देतो. घरची कहाणीही लिहितो, पण वेगळ्या पानावर आणि कोणी सांगितली त्याच्या नावासकट, कारण तिच्यातूनच पुष्कळदा गावाचं, साहेबाचं किंवा दुकानाचं नाव हाती लागते.

येताना हत्यार आमच्या दुकानात आणू नका. लायसन किंवा जमा पावतीची झेरॉक्स आणा, आणि ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या परवानगीनं काढलेले नंबर, शिक्के आणि नक्षीचे फोटो आणा, फ्लॅश न मारता, खिडकीच्या उजेडात काढलेले. सोबत वंशावळ, सातबारा, जुनी पत्रं, लग्नातले फोटो, जे सापडेल ते. घरात ऐंशी-नव्वदीतलं कोणी असेल तर पहिले त्यांच्याजवळ बसून घ्या, अन् मग आमच्याकडे या.