दहा ग्रॅमचा तंतू

मधुमेहाच्या तपासणीला गेलं की हल्ली डॉक्टर चपला काढायला सांगतात. मग डोळे मिटायचे. नायलॉनचा एक ताठ तंतू तळपायाला टेकवून तो वाकेपर्यंत दाबतात आणि विचारतात, "कळलं?" हा तंतू १० ग्रॅम भाराला वाकतो. तेवढं दाबूनही कळलं नाही, तर पायावर साधा ओरखडा नसला तरी तो पाय धोक्याचा. तपासणी मधुमेहाची खरी, पण तिचं माहेर कुष्ठरोगाच्या दवाखान्यात आहे.

शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले, तेव्हा महारोगात मांस सडतं आणि बोटं झडतात, असाच सगळ्यांचा समज होता. एकदा त्यांना गंजलेलं कुलूप उघडेना. एका रुग्ण मुलाने पुढे होऊन किल्ली फिरवली, कुलूप उघडलं. पाहतात तर मुलाचं बोट हाडापर्यंत कापलेलं, आणि त्याला पत्ताच नाही. काहींची बोटं रात्रीत कमी होत, ती झोपेत उंदीर कुरतडत होते, हेही पुढे उघड झालं. जखमा करत होता तो बधिरपणा.

आपल्याला चप्पल चावली की दहाव्या पावलाला आपण पाय तिरका टाकतो. बधिर पायाचा माणूस हजारो पावलं त्याच जागेवर भार देत राहतो. आधी घट्टा धरतो, घट्ट्याखाली रक्त साकळतं, मग तळपाय फुटतो. अशा जखमेला नुसतं मलम लावून काय होणार? तिच्यावरचा भार काढायला हवा. म्हणून पायाला घट्ट बसणारं प्लास्टर घालायचं, म्हणजे भार साऱ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटला जातो. सिलोनमध्ये (आताच्या श्रीलंकेत) मिलरॉय पॉल हे शल्यचिकित्सक १९३०च्या दशकातच असं प्लास्टर घालत होते. जखम भरल्यावर मऊ मायक्रोसेल्युलर (बारीक पोकळ्यांच्या) रबराची, खिळे नसलेली चप्पल. तिने पाय वाचले, पण ती पायात दिसली की लोक रोग ओळखत. त्यामुळे अनेकांना ती नकोशी होई. मला हा त्या उपायाचा सगळ्यात दुखरा भाग वाटतो.

१९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेतल्या कार्व्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. मधुमेहींचे पायही अगदी याच वाटेने बिघडतात, हे तिथे ठळक झालं. तंतूची कल्पना त्याहून जुनी: जर्मनीतले शरीरक्रियाशास्त्रज्ञ फॉन फ्राय यांनी १८९०च्या दशकात स्पर्श मोजायला घोड्याचे केस वापरले होते, १९६०च्या सुमारास सेम्स आणि वाइनस्टाइन या अमेरिकी संशोधकांनी त्याजागी नायलॉन आणलं. कुठल्या जाडीचा तंतू कळला म्हणजे पाय सुरक्षित, हे कार्व्हिलच्या बर्क आणि सिम्स यांनी १९८६ मध्ये कुष्ठरुग्ण आणि मधुमेही अशा दोघांचे पाय तपासून मांडलं. १९८९च्या सेंट व्हिन्सेंट जाहीरनाम्यात युरोपने मधुमेहामुळे पाय कापण्याचं प्रमाण पाच वर्षांत निम्म्यावर आणायचं ठरवलं, तेव्हा १० ग्रॅमचा तंतू तयारच होता.

ब्रँड यांची आणखी एक खूण होती, तिला तंतूही लागत नाही. चालून आल्यावर तळव्यावरून हात फिरवायचा. एखादी जागा बाकीच्या पायापेक्षा गरम लागली, की उद्या फुटणार ती हीच.